वॉशरचं वाण

आमच्या इमारतीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी वाण म्हणून नळाचे वॉशर मिळायचे. छोट्या पुडीत बांधलेले, वर तिळाचा लाडू. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीचे शिल्लक असतील त्यांना नळाच्या आट्यांना गुंडाळायच्या पांढऱ्या टेपचं रीळ. घेणारी बाई इमारतीत नवी असली तर ती पुडी हातात धरून जरा वेळ उभी राहायची आणि मग शेजारणीकडे बघायची. शेजारीण सांगायची, "ठेव. लागतो."

हे घर काकींचं. काकींना नाव होतं, पाटीवरही होतं, पण ते कुणी वापरल्याचं मी ऐकलं नाही. नवरा गेल्यानंतर पहिल्या संक्रांतीला त्यांना इमारतीतून कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच सगळ्यांना बोलावलं, बायकांना आणि पुरुषांनाही. जो घरात राहतो त्याला वाण, एवढाच नियम. हळदीकुंकवाचं ताट दाराशी ठेवलेलं असे, लावायचं त्याने लावावं. "तिळगूळ घ्या नि नळ नीट बंद करा" असं म्हणून त्या पुडी हातात द्यायच्या. गोड बोलण्याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता.

मी परळच्या त्या इमारतीत राहायला गेलो तेव्हा घर सांभाळणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तोवरचं आयुष्य गिरगावातल्या चाळीत, भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. तिथे काही मोडलं की वडील खुर्चीतून न उठता म्हणत, "घरमालक बघेल." घरमालकाने कधी काही बघितलं नाही, त्यामुळे आम्हीही बघायचं नाही अशी घराण्याची रीत पडली. नळ गळायला लागला की खाली बादली ठेवायची, बादली भरली की त्यात कपडे भिजवायचे. खिडकीची कडी निघाली की सुतळी बांधायची. सुतळी कुजली की नवी सुतळी. पुढे मी आणि बायकोने कर्ज काढून परळला तिसऱ्या मजल्यावरची जुनी जागा घेतली. घरमालक आता मीच आहे, ही गोष्ट तेव्हा कागदावर झाली होती, डोक्यात झाली नव्हती.

पहिल्याच रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेली एक काटक बाई. सुती साडी, पदर खोचलेला, एका हातात बॅटरी, काखेत काळी पर्स.

"बाथरूम खय?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. त्या चपला काढून सरळ आत गेल्या. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने खुणेनेच विचारलं, कोण? मी खुणेनेच सांगितलं, माहीत नाही. आतून टक टक आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर बाई उकिडव्या बसून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने आमच्या टाइल्स वाजवत होत्या.

"मी तुझ्या खाली रवतंय," मान न वळवता त्या म्हणाल्या. "तुझ्या घरातला पाणी माझ्या छतातून येता. आधीच्या मालकाक सांगून दमलंय. तो घर विकून गेलो. आता तू इलंस."

"मी आजच प्लंबरला बोलावतो," मी म्हणालो.

"तो काय करतलो?"

"दुरुस्त करेल."

"काय दुरुस्त करतलो?"

हे मला माहीत नव्हतं.

"मगे तेका सांगतलंस काय? माझ्या घरात कायतरी झालाहा, तुका होया तां कर? अशान घर जाता, झिला." त्या उठल्या. "पयला पाणी बंद कर."

मी बाथरूमचा नळ घट्ट केला.

"नळ नाय. पाणी. सगळ्या घराचा."

सगळ्या घराचं पाणी बंद करणारा एक मुख्य वॉल असतो, हे ज्ञान मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी झालं. मग तो शोधणं आलं. मी गिझरच्या मागे बघितलं. बायकोने विजेच्या मीटरचं दार उघडलं. काकी स्टुलावर बसून आमची धावपळ बघत होत्या, जागा त्यांना अर्थात माहीत होती. शेवटी वॉल सापडला तो पोटमाळ्यावर, आम्ही आदल्या दिवशीच रचून ठेवलेल्या खोक्यांच्या मागे, आणि तो इतका गंजला होता की तो फिरवताना माझा तळहात सोलवटला.

"बायकोचो फोन नंबर पाठ नसलो तरी चालात," काकी म्हणाल्या. "वॉल खय तां माहीत होया."

बायकोने यावर माझ्याकडे बघितलं. तिचा नंबर मला पाठ नव्हता.

काकी मूळच्या मालवणकडच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या अगदी शुद्ध मराठी बोलत. काम निघालं, राग आला किंवा माया आली, की मालवणी. माझ्याशी त्या पहिल्यापासून मालवणीच बोलल्या. यातलं कारण कुठलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्याच्या घरात त्या सहसा स्वतः हात लावत नसत, हे त्यांचं वैशिष्ट्य. सगळी हत्यारं त्या काळ्या पर्समध्ये होती: पेचकस, टेस्टर, छोटा पाना, टेपचं रीळ, चमचा. पण ती बाहेर काढून त्या तुमच्या हातात द्यायच्या. गळतीची कारणं दोन निघाली. एक, भिंतीतल्या नळाचा वॉशर झिजलेला. दुसरं, जमिनीच्या टाइल्सचे सांधे उघडे पडलेले. "वॉशर घेवन ये," म्हणाल्या, आणि मी लालबागला हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

काउंटरवर गर्दी होती. प्रत्येक जण काहीतरी आकडा बोलायचा आणि माल घेऊन निघायचा. माझा नंबर आला.

"वॉशर द्या."

"कसला?"

"नळाचा."

"कुठला नळ?"

"बाथरूमचा," मी म्हणालो. दुकानदाराने माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं आणि त्याला विचारलं, "तुमचं काय?"

शेवटी दया येऊन त्याने मूठभर वेगवेगळे वॉशर दिले. त्यातला एकही बसला नाही. काकींनी मला परत पाठवलं. "दुकानदाराक तोंडान सांगूचा नसता. जुनो तुकडो खिशात घाल नि तेच्या पुढ्यात ठेव. बोलूच नको." ते मी आजपर्यंत पाळतो. त्यानंतर कित्येक महिने माझ्या ऑफिसच्या शर्टाच्या खिशात गंजलेला नट किंवा तुटलेली कडी असायची. एकदा मीटिंगमध्ये साहेबांना पेन द्यायला गेलो आणि टेबलावर फ्लशची साखळी काढून ठेवली.

सांधे भरायला एक आख्खा रविवार गेला. पांढरं सिमेंट सांध्यात कमी आणि माझ्या अंगावर जास्त. ते सुकल्यावर काकी खाली गेल्या आणि डक्टच्या खिडकीतून ओरडल्या, "ओत."

मी बादली ओतली. "ओतली."

"आणि ओत."

इमारतीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून हा संवाद ऐकत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर दाराशी झाकलेलं भांडं होतं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. त्यावरून कळलं की छत कोरडं राहिलं.

हे सगळं त्या कुठे शिकल्या, असं बायकोने एकदा विचारलं. तेव्हा समजलं की काकींचे यजमान एका गिरणीच्या कचेरीत होते, पुढे खाजगी नोकरीत. घरातलं सगळं तेच बघत. ते गेल्यावर काही महिन्यांनी पंखा बंद पडला. दुरुस्तीवाला आला, पंख्याकडे बघितलं, काकींकडे बघितलं आणि म्हणाला, "घरात कोणी पुरुष माणूस आहे का? त्यांच्याशी बोलतो."

"आसा," काकी म्हणाल्या आणि भिंतीकडे हात केला. "थंय फोटोत. इचार तेका."

तो माणूस काम न करताच गेला. दुसरा आला तेव्हा काकी शिडीच्या शेजारी टेबलावर चढून उभ्या राहिल्या आणि त्याने काय उघडलं, काय बदललं, सगळं डोळ्यांत साठवलं. त्यानंतर घरात येणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या खांद्यावरून त्या बघत आल्या. काही जण वैतागले, काही जण कौतुकाने शिकवायला लागले. "नि आता तर वरच पुरुष माणूस रवता," माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या. "तेचो उपेग काय झालो?"

दर शनिवारी घरातले सगळे वॉल एकदा बंद करून पुन्हा उघडायचे, नाहीतर ते जाम होतात, हा त्यांचा पहिला नियम. शनिवारी सकाळी जिन्यात भेटल्या की "मारुती झालो?" असं त्या विचारत नसत, "वॉल झाले?" असं विचारत. बाहेरच्या भिंतीत उगवणाऱ्या पिंपळाच्या रोपांशी त्यांचं वैर होतं. पण पिंपळ तो पिंपळ, म्हणून आधी त्याला हात जोडायच्या, "पाया पडतंय, रागावू नको," आणि मग मुळापासून उपटायच्या.

लग्नकार्याला गेल्या की हॉलच्या बेसिनचा नळ बघून यायच्या. एकदा तळमजल्यावरच्या घरी कुणी गेलं होतं म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो. खोलीत शांतता, माणसं मान खाली घालून बसलेली, आणि आतून संडासाच्या टाकीतलं पाणी सतत वाहतंय. काकी दहा मिनिटं बसल्या. मग हळूच उठून आत गेल्या. थोड्या वेळाने पाणी थांबलं. त्या बाहेर येऊन, हात पदराला पुसत, पुन्हा होत्या तिथे बसल्या. त्या घरचा मुलगा नंतर मला म्हणाला, "सगळे येऊन धीर धर म्हणत होते. ते पाणी थांबलं तेव्हा मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं."

पण काकींची खरी ओळख म्हणजे तो चमचा. टाइल असो, भिंत असो, छज्जा असो, त्या वाजवून सांगायच्या. आतून धरलेलं असेल तर टक असा कोरडा, उंच आवाज येतो. सुटलेलं असेल तर डब डब. त्यांच्या शब्दावर लोक बाथरूमं फोडत आणि आत खरंच पोकळी निघे. सेक्रेटरींना हे आवडत नसे. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी, नियमाला धरून वागणारे, तसे सज्जन. सोसायटीची देखभाल ही समितीची बाब आहे, चमच्याची नाही, असं त्यांचं म्हणणं.

दर सव्वीस जानेवारीला इमारतीच्या दारातल्या मोठ्या छज्ज्याखाली सत्यनारायणाची पूजा असे. त्या वर्षी पूजेच्या आदल्या संध्याकाळी काकी जिन्याच्या खिडकीतून लांब बांबू बाहेर काढून उभ्या दिसल्या. बांबूच्या टोकाला चमचा बांधलेला. छज्जा वाजवत होत्या.

"पोकळ आसा," त्या म्हणाल्या. "कडेपासून मधापर्यंत सगळो पोकळ. पूजेक हय कोणाक बसूक देवचंय नाय."

सकाळी मंडपवाला आला तेव्हा छज्ज्याखालच्या जागेला जुनी लुगडी बांधून अडवलेलं होतं आणि समोर खुर्ची टाकून काकी बसल्या होत्या. सेक्रेटरी सोवळं नेसूनच खाली आले.

"काकी, हे इंजिनिअरचं काम आहे," ते म्हणाले.

"मग आणा इंजिनिअर," काकी शुद्ध मराठीत म्हणाल्या.

"आज सुट्टी आहे. आज कुठून आणू?"

"मग आज पूजा गच्चीवर करा."

गुरुजी आले, त्यांनी लुगड्यांकडे बघितलं, छज्ज्याकडे बघितलं आणि गच्चीला पसंती दिली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौरंग, केळीचे खांब, समया आणि शिऱ्याचं पातेलं चार मजले चढवण्यात आलं. गच्चीवर सावली नव्हती. गुरुजींनी कथा छत्रीखाली बसून सांगितली आणि साधुवाण्याचा अध्याय जरा लवकर आटोपला. गुडघेदुखीची मंडळी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात अडकून बसली, त्यांना प्रसाद खाली पोचवावा लागला. सेक्रेटरींचा चेहरा उन्हाने तांबडा झाला होता, की आणखी कशाने, सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी इंजिनिअर आणला, सोबत शिडी आणि हातोडी घेतलेला गवंडी. सगळी इमारत खाली जमली. गवंड्याने छज्जा इंच इंच ठोकला. एका कोपऱ्यात छिन्नीने थोडा फोडूनही बघितला.

"एकदम घट्ट आहे," इंजिनिअर म्हणाला. "अजून पुष्कळ वर्षं काही होणार नाही."

"कडेला नीट बघितलंत?" काकींनी विचारलं.

"कडेलापण घट्ट आहे, आजी."

कुणीतरी हसलं. काकी क्षणभर वर बघत राहिल्या. मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, "माझी चूक झाली. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा." आणि जिना चढून गेल्या. शुद्ध मराठीत बोलल्या, तेव्हाच मला बरं वाटलं नाही.

पुढचे काही आठवडे इमारतीत तो विषय पुरला. माणसं जिन्यात एकमेकांच्या कपाळावर बोटाने टकटक करून "पोकळ" म्हणत. काकी दिसेनाशा झाल्या. शनिवारी कुणी वॉलची चौकशी करीना. भिंतीतला पिंपळ आरामात दोन पानं पुढे गेला. मला वाटलं, अपमान झालाय, निवळेल. बायको म्हणाली, "जाऊन भेट तरी." मी म्हणालो, काहीतरी निमित्त पाहिजे.

निमित्त स्वयंपाकघरातल्या सिंकने दिलं. ते तुंबलं. मी आता जाणता घरमालक होतो. खाली बादली लावली, सिंकखालच्या वाकड्या नळीचा नट फिरवायला घेतला आणि तो अर्ध्यात अडकला. मोठा पाना हवा होता. मी खाली गेलो.

बेल वाजवली, कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून हाक मारत आत गेलो. काकी खिडकीशी पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. स्वयंपाकघरातून टप टप असा आवाज येत होता, चांगला मोठा, खाली स्टीलची परात असली की येतो तसा. मला आधी वाटलं, माझी परीक्षा चालली आहे. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्या दचकल्या.

"काकी, तुमचा नळ गळतोय," मी म्हणालो.

"खयचो?"

"स्वयंपाकघरातला."

त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग. नळातून थेंब सुटत होता, परातीवर आपटत होता. काकींनी थेंबाखाली बोट धरलं. मग बोट काढलं आणि थेंब परातीवर पडताना वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

"आवाज येता?" त्यांनी विचारलं.

"येतोय की."

"तुका आयकाक येता?"

"हो, काकी. बाहेरपर्यंत येतो."

एक थेंब पडला, दुसरा पडला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माका नाय."

मी पाना न मागताच तिथे उभा राहिलो. त्यांनी पर्समधून चमचा काढला आणि ओट्यावरच्या टाइलवर वाजवला. मला टक ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घट्ट आहे." त्या दुसऱ्या टाइलकडे गेल्या. तीही घट्ट होती. "माका सगळाच डब डब लागता," त्या म्हणाल्या. "माका वाटला, इमारतच सुटत चल्ली."

नळाचा वॉशर त्या दिवशी मी बदलला. त्यांनी बदलू दिला, यावरून त्यांची अवस्था कळावी.

कान तपासायला चला, हे सांगायला आम्हाला बराच वेळ लागला. बायकोने समजावलं, मी समजावलं. "म्हातारपण आसा, तेका काय वॉशर मिळता?" असं म्हणून त्या विषय बंद करायच्या. शेवटी बायकोचा धीर सुटला. ती म्हणाली, "काकी, आमच्या घरात एवढंसं गळलं तरी तुम्ही आम्हाला झोपू देत नाही. आणि स्वतःचं बिघडलेलं तसंच ठेवून बसलाय. हे आमच्या सासऱ्यांसारखं झालं. बादली लावून बसायचं." काकींना माझ्या वडिलांची गोष्ट माहीत होती. ती तुलना त्यांना सहन झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्या तयार होऊन वर आल्या.

परळमध्येच एका दवाखान्यात कानाच्या तपासणीची खोली होती. छोटी, काचेची, आवाज बंद. तिथल्या मुलीने काकींच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. काकींनी बटण हातात घेतलं, ते सैल आहे का ते बघितलं आणि मग खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. "दाराचा रबर खालच्या बाजून सुटला हा. बाहेरचो आवाज आत येयत. तुमच्यो तपासण्यो चुकतत."

मुलीने वाकून बघितलं. रबर खरंच सुटलं होतं. तिने ते बोटाने दाबून बसवलं आणि तपासणी सुरू झाली. बारीक, उंच आवाज काकींना जवळजवळ येतच नव्हते. जाड आवाज येत होते. म्हणजे डब ऐकू येई, टक येत नसे. मुलीने हे कागदावर रेघ काढून दाखवलं. काकी त्या रेघेकडे बराच वेळ बघत होत्या. "म्हणजे भिंत बरी होती, चमचो बरो होतो," त्या म्हणाल्या. सुटका झाल्यासारखा त्यांचा चेहरा दिसला.

कानाचं यंत्र घेताना त्यांनी त्या मुलीला विचारलेले प्रश्न तिला तोवर कुणी विचारले नसावेत. हे उघडतं कुठून, साफ कशाने करायचं, पाणी गेलं तर आधी काय काढायचं, बिघडण्याआधी काय खूण देतं. शेवटी मुलीने स्वतःचा स्टूल त्यांच्या शेजारी ओढला आणि एक यंत्र पूर्ण उलगडून दाखवलं.

यंत्र आल्यावर पहिल्या दिवशी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "तुझो फ्रिज घरघरता." दुसऱ्या दिवशी आमच्या पंख्याबद्दल आल्या. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू रात्री झोपेत बोलतंस, माहीत आसा?"

मग त्यांनी ते काम केलं जे मला जमलं नसतं. गेल्या दीड-दोन वर्षांत ज्या ज्या घरात त्यांनी पोकळ म्हणून सांगितलं होतं, तिथे तिथे त्या चमचा घेऊन गेल्या. वाजवून, कान देऊन, जे घट्ट होतं ते घट्ट आहे असं सांगितलं आणि माफी मागितली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तर काकींच्या शब्दावर सगळं बाथरूम फोडून नवं केलं होतं.

"म्हणजे जुनं चांगलं होतं?" त्या बाईंनी विचारलं.

"चांगलं असावं बहुतेक," काकी म्हणाल्या.

बाईंनी आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे यांना सांगू नका. तो जुना जांभळा रंग मला कधीच आवडला नव्हता."

शेवटी काकी बांबू घेऊन छज्ज्याकडे गेल्या. सेक्रेटरी पेपर आणायला निघाले होते, ते थांबले. काकींनी कडेपासून मधापर्यंत वाजवलं. "घट्ट," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं." सेक्रेटरी जरा वेळ घुटमळले. मग म्हणाले, "वेळ असेल तर आमच्या मोरीतली एक टाइल बघता का? मला शंका येते आहे." त्या दिवसापासून त्यांची चमच्याबद्दलची तक्रार संपली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी इमारत पुनर्विकासाला गेली. आजूबाजूच्या सगळ्याच जात होत्या. मीटिंगमध्ये लोकांनी जागेचं माप विचारलं, गाडी कुठे लावायची ते विचारलं, भांडणं झाली. काकींनी एकच विचारलं, प्रत्येक घराचा मुख्य वॉल कुठे असेल. आर्किटेक्टने नकाशात दाखवलं, दाराजवळ, हात पोचेल असा. काकींनी लगेच सही केली. नवी इमारत होईपर्यंत त्या गावी भावाकडे राहणार होत्या. आम्ही काळाचौकीला भाड्याने खोली बघितली होती.

जागा रिकामी करायच्या दिवशी शेवटची पिशवी घेऊन मी जिना उतरत होतो. इमारत जवळजवळ रिकामी झाली होती, बोललं की आवाज घुमायचा. दुसऱ्या मजल्यावर काकींचं दार उघडं होतं. सामान खाली टेम्पोत चढलं होतं, भाचा खालून हाका मारत होता. काकी एकट्याच उंबऱ्यात स्टुलावर उभ्या होत्या, हातात शिवणयंत्राच्या तेलाची बाटली.

"काय करताय, काकी?"

"बिजागरी करकरता," त्या म्हणाल्या. "सामान न्हेताना सगळ्यांनी उघड-झाप केली, तेव्हापासून आयकतंय. डोक्यात बसला."

"अहो, सोमवारी तोडायला येणार आहेत."

"येतले ना? ते खयसून येतले? दार उघडूनच येतले मा?"

मी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल धरला. त्यांनी वरच्या बिजागरीत तेल सोडलं, मग खाली उतरून मधल्या आणि खालच्या. दार थोडं हलवलं, तेल आत मुरू दिलं. ओघळलेलं तेल फडक्याने पुसलं. खालून भाच्याने पुन्हा हाक मारली. त्यांनी ती ऐकली आणि उत्तर दिलं नाही.

मग त्या बाहेर आल्या, कानावरचं यंत्र बोटाने नीट बसवलं आणि दार हळूहळू लोटत नेलं, अगदी चौकटीला लागेपर्यंत. मान तिरपी करून थांबल्या. काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी मान डोलावली, कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि पर्स काखेला मारून जिना उतरायला लागल्या.